पाळी जायच्या वयातलं जास्तीचं ब्लीडिंग: कोकणातल्या बायका नेहमी विचारतात ते प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. चाळीस ते पंचावन्न वयाच्या बायका ओपीडीत येतात आणि पुन्हा पुन्हा हेच प्रश्न विचारतात, बऱ्याचदा निघताना, दाराशी उभं राहून हळूच. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की या वयात ब्लीडिंग बिघडलं तर आधी कारण शोधायचं. "होतंच असं" म्हणून वर्षभर अंगावर काढायचं नाही, आणि कारण कळायच्या आत पिशवीही (म्हणजे गर्भाशय) काढून टाकायची नाही. आपल्याकडे हे दोन्ही होतं, आणि दोन्हीत नुकसान बाईचंच होतं.

पाळी जायच्या आधी असं होणारच ना? शेजारीण, जाऊ, सगळ्याच म्हणतात, "ह्या वयात असाच होता गो."

थोडा बदल होतो, हे खरं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, आणि त्याआधीची काही वर्षं ती लहरी होते. कधी दोन महिने येत नाही, कधी वीस दिवसांतच येते. पण पाळी उशिरा येणं, कमी कमी होत जाणं वेगळं आणि पंधरा-पंधरा दिवस न थांबणं, गाठी पडणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागणं वेगळं. पहिलं वयाचं असू शकतं. दुसरं वयामुळे आहे की आणखी कशामुळे हे तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, मग शेजारणीला कुठून कळणार? शेजारणीला बरं वाटलं म्हणून तुमचं पण तेच असेल असं नसतं.

जास्त म्हणजे नेमकं किती? मला तर वाटतं माझं आधीपासूनच जास्त आहे.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि ब्लीडिंग आठ दिवसांपर्यंत, हे साधारण ठीक. पूर्वी ८० मिलीच्या वर गेलं की जास्त असं पुस्तकात असायचं, पण घरी कोण मोजत बसणार. मी वेगळंच विचारते. रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का? दोन पॅड एकावर एक लावता का? तास-दोन तासात पॅड भिजतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडतात का? लावणीला जायचं, मच्छी विकायला बसायचं, एसटीने चिपळूणला जायचं, तर त्या दिवसांत टाळता का? यातल्या एकालाही हो असेल तर ते जास्त. तुमच्या रोजच्या कामात आडवं येतंय म्हणजे जास्तच आहे, त्याला दुसरा पुरावा नको.

एक काम आजपासून करा. घरात कॅलेंडर असतंच, त्यावर ब्लीडिंगच्या प्रत्येक दिवशी पेनाने खूण करा आणि खाली किती पॅड लागले तो आकडा लिहा. नुसता डाग असेल तर बारीक टिंब. तीन महिन्यांची ती पानं घेऊन या. "अधूनमधून जातं हो अंगावरून" यावरून मला काही कळत नाही, त्या पानांवरून मात्र अर्धं निदान होतं, खरंच सांगते.

पण हे होतं तरी कशामुळे?

कारणं बरीच आहेत. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ साली त्यांची नऊ गटांत मांडणी केली, आम्ही डोक्यात तीच यादी धरून चालतो. पिशवीच्या रचनेतली कारणं म्हणजे पॉलिप (आतल्या थराला आलेला मऊ कोंब), अ‍ॅडिनोमायोसिस (आतला थर पिशवीच्या स्नायूत घुसतो, पिशवी सुजते, पाळीत खूप दुखतं), फायब्रॉइडच्या गाठी (पिशवीच्या स्नायूत वाढणाऱ्या साध्या गाठी), आणि चौथं म्हणजे आतला थर वाजवीपेक्षा वाढणं किंवा कॅन्सर. रचनेत दोष नसेल तर मग हार्मोन, थायरॉइड, रक्त न गोठण्याचा आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, जुनी कॉपर-टी, असं बघत जायचं.

पाळी जायच्या वयात सगळ्यात जास्त दिसतं ते हार्मोनचं. दर महिन्याला बीज फुटलं तर प्रोजेस्टेरॉन तयार होतं, आणि तेच आतल्या थराला आवर घालतं. या वयात काही महिने बीज फुटतच नाही. इस्ट्रोजेन मात्र चालू असतं, मग थर नुसता वाढत राहतो, पाळी लांबते, तुम्हाला वाटतं गेली एकदाची, आणि मग तो थर कसाही, तुकड्या-तुकड्याने सुटायला लागतो. म्हणून "दोन महिने काही नाही आणि मग वीस दिवस धो-धो" अशी तक्रार इतकी ऐकू येते. हे औषधाने आटोक्यात येतं. पण असाच थर वर्षानुवर्षं आवर न घालता वाढला तर पेशी बिघडायला लागतात, आणि वजन जास्त असेल, शुगर असेल, पीसीओडी असेल, मूल झालेलं नसेल तर ती शक्यता आणखी वाढते. म्हणून हार्मोनचं आहे असं वाटलं तरी तपासायचं.

माझं वय ४७ आहे, दोन महिने पाळी नाही आणि आता डाग. दिवस तर गेले नसतील ना?

जाऊ शकतात. लाज वाटून घेऊ नका, लघवीची टेस्ट पहिल्यांदा करा. पाळी लहरी झाली म्हणजे बीज फुटणं पूर्ण बंद झालं असं नसतं, आणि गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेतू शकतं.

पाळी जाऊन दीड वर्ष झालं, आणि काल थोडासा लाल डाग दिसला. फक्त एकदाच. दाखवायला हवं का?

हो. याच आठवड्यात. बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

सलग बारा महिने पाळी नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक थेंब लाल, गुलाबी, चॉकलेटी काहीही दिसलं तरी ते पाळी "परत आली" असं नसतं. बायका कधी कधी खूश होऊन सांगतात, अजून तरुण आहे मी म्हणून, आणि मला त्यांना थांबवावं लागतं. घाबरायचं कारण बहुतेकींना नसतं, कारण बऱ्याच जणींमध्ये आतली त्वचा कोरडी आणि पातळ झालेली असते किंवा छोटा पॉलिप निघतो. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब बघितला तर असं ब्लीडिंग झालेल्या शंभर जणींतल्या साधारण नऊ जणींना पिशवीचा कॅन्सर निघतो. म्हणजे एक्याण्णव जणींना नाही. पण उलट बाजूने बघा. पिशवीचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या नव्वदेक जणींना आधी असं ब्लीडिंग झालेलं असतं. म्हणजे हा आजार आपण होऊन लवकर सांगतो, आणि तेव्हाच पकडला तर बहुतेक जणी ऑपरेशनने पूर्ण बऱ्या होतात. एवढी चांगली संधी बाकीचे कॅन्सर फारसे देत नाहीत, ती घालवू नका.

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेताय त्यांनी तर एका डागालाही लगेच यायचं, त्या गोळीने पिशवीचा थर वाढू शकतो.

ब्लीडिंग चालू असताना तपासायला कसं यायचं? थांबलं की येते.

थांबलं की कोणी येत नाही, हा माझा अनुभव. थांबलं की भात कापायचं असतं, आंब्याच्या पेट्या भरायच्या असतात, नातवाची परीक्षा असते. चालू असतानाच या. आम्हाला त्याची किळस नसते, रोजचं काम आहे, आणि रक्त नेमकं पिशवीतून येतंय की पिशवीच्या तोंडाकडून, की लघवीच्या जागेतून किंवा मूळव्याधीतून, हे तेव्हाच नीट दिसतं. म्हाताऱ्या बायकांमध्ये ही गल्लत खूप होते.

कुठल्या कुठल्या तपासण्या लागतात? नुसती सोनोग्राफी केली तर नाही चालणार?

आधी बोलणं आणि हाताने तपासणी, आत छोटं उपकरण घालून पिशवीचं तोंड बघणं. हे न करता थेट सोनोग्राफीला पाठवलं तर तोंडावरची वाढ राहूनच जाते. रक्तात हिमोग्लोबिन, शक्य असेल तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, शुगर. मग सोनोग्राफी, जमलं तर खालून करायची, कारण त्यात आतला थर जास्त स्वच्छ दिसतो. खालून करायची असेल तर लघवी करून जायचं, पोटावरून असेल तर लघवी भरलेली लागते. हे आधी फोन करून विचारून घ्या, नाहीतर बायका गुहागरवरून बाटलीभर पाणी पिऊन एसटीत बसतात, खड्ड्यांतून जीव मुठीत धरून येतात आणि इथे आल्यावर आम्ही सांगतो, जा आधी लघवी करून या. पाळी चालू असणाऱ्यांनी पाळी संपल्या-संपल्या सोनोग्राफी केली तर उत्तम.

आणि बऱ्याच जणींना लागते ती आतल्या थराची बायोप्सी, म्हणजे थराचा नमुना काढून तपासणं. ४५ च्या पुढे ब्लीडिंग बिघडलं असेल तर करावीच, आपल्याकडे बरेच डॉक्टर चाळिशीनंतरच करतात, आणि वजन-शुगर-पीसीओडी असेल तर त्याआधीही.

रिपोर्टमध्ये लिहिलंय "बल्की युटेरस, ई.टी. १४ एमएम". कॅन्सर आहे का?

नुसत्या एवढ्यावरून कोणीही हो म्हणू शकत नाही. बल्की म्हणजे पिशवी आकाराने थोडी मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी मोठी असायचीच, आणि अ‍ॅडिनोमायोसिसमध्येही मोठी दिसते. ई.टी. म्हणजे आतल्या थराची जाडी. तुमची पाळी अजून चालू असेल तर पाळीच्या आधीच्या दिवसांत १४ एमएम अगदी नॉर्मल असू शकतं, म्हणून सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली ते रिपोर्टवर लिहून घ्या. पाळी पूर्ण गेलेल्या आणि ब्लीडिंग झालेल्या बाईत मात्र हिशेब वेगळा. तिथे ४ एमएम किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी, त्याच्यावर असेल तर बायोप्सी. आणि ४ च्या आत असूनही परत परत डाग लागत असतील तरी बायोप्सी, पातळ थर आहे म्हणून निवांत बसायचं नाही.

"नाबोथियन सिस्ट" लिहिलं असेल तर सोडून द्या, पिशवीच्या तोंडावरचे साधे पाण्याचे फोड असतात ते.

पिशवीचा तुकडा काढतात म्हणे. खूप दुखतं का? भूल देतात का?

तुकडा म्हटलं की बायका घाबरतात, त्यात कापाकापी नसते. पेनातल्या रिफिलसारखी बारीक, साधारण तीन एमएमची प्लास्टिकची नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवायची, दांडा मागे ओढायचा, आतल्या थराचे कण नळीत येतात. पाच मिनिटांचं काम. भूल सहसा लागत नाही. पाळीत येते तशी एकदम कळ येते, थोडा वेळ राहते, एखादीला चक्कर येते, म्हणून तासभर आधी दुखण्याची गोळी घेऊन यायचं, काहीतरी खाऊन यायचं आणि सोबत कोणाला तरी आणायचं. दुखणं सहन होत नसेल तर "थांबा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, भूल देऊनही करता येतं.

नळीने पुरेसं आलं नाही, किंवा सोनोग्राफीत पॉलिप वाटत असेल तर दुर्बिणीने आत बघून नेमकं तिथलंच काढायचं, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. पूर्वी सरसकट करायचे ते क्युरेटिंग अजूनही होतं, पण त्यात न बघता खरवडलं जातं आणि कोपऱ्यातला पॉलिप सुटू शकतो.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे खूप ठिकाणी ती फॉर्मलिनची छोटी बाटली नातेवाइकाच्याच हातात देतात, रत्नागिरीच्या नाहीतर कोल्हापूरच्या लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. बाटली हातात आली की त्यावर तुमचं पूर्ण नाव, वय, तारीख लिहिलीय का ते बघा, झाकण घट्ट आहे का बघा आणि लॅबमधून पावती घ्या. आणि रिपोर्ट आणायला परत जा! बाटली देऊन आल्यावर ब्लीडिंग थांबलं, म्हणून रिपोर्ट कोणी आणलाच नाही, असं होतं, आणि कधी कधी त्याच कागदात हवं ते उत्तर पडून असतं.

माझी पॅप स्मिअर नॉर्मल आली. मग कॅन्सर नाही ना?

पॅप पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे, पिशवीच्या आतलं ती नीट सांगत नाही. सरकारी केंद्रात ३० ते ६५ वयाच्या बायकांची व्हिनेगर लावून जी तपासणी करतात तीही तोंडाचीच. दोन्ही जरूर करून घ्या, आणि संबंधानंतर रक्त जात असेल तर लगेचच. पण आतल्या थरासाठी बायोप्सी वेगळी.

गणपती आलेत, पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून घेतली तर चालेल का?

भाद्रपदाच्या आधीचे पंधरा दिवस हा प्रश्न रोज असतो, शिमग्यालाही असतो. घरात दीड दिवसाचा नाहीतर पाच दिवसांचा गणपती, मुंबईची माणसं आलेली, नैवेद्य तुमच्या हातचा, आणि अडचण येऊ नये ही तुमची इच्छा मला कळते. नॉरएथिस्टेरॉनच्या त्या गोळ्या तरुण, निरोगी बाईने डॉक्टरला विचारून कधीतरी घेतल्या तर सहसा काही होत नाही. पण तुम्ही ४५ च्या पुढे आहात, पाळी आधीच बिघडलीय, तर गोष्ट बदलते. एक तर गोळीने ब्लीडिंग दबून जातं आणि खरं कारण झाकलं जातं. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत ब्लीडिंग सुरू होतं, तुम्हाला वाटतं पाळी आली, मला कळत नाही कुठलं खरं आणि कुठलं गोळीचं. दुसरं, या गोळीचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून पायात रक्ताची गाठ झालेली असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, लिव्हरचा त्रास असेल, स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ती घ्यायचीच नाही. जावेने दिली, नणंदेने दिली, असं करू नका.

आणि मनातलं सांगते, पंधरा-वीस दिवस अंगावरून जाणाऱ्या बाईला तेवढे दिवस बाजूला बसवायचं, देवाच्या खोलीत येऊ द्यायचं नाही, यामुळेच कितीतरी जणी ब्लीडिंग लपवतात आणि दोन-दोन वर्षं डॉक्टरकडे येत नाहीत. घरातल्या मोठ्यांनी याचा विचार करायला हवा. ते आजारपण आहे.

औषधांनी थांबतं का, की शेवटी ऑपरेशनच?

बहुतेक जणींचं औषधाने भागतं. पाळीच्या दिवसांपुरती ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड देतात, जास्तीत जास्त चार-पाच दिवस, त्याने रक्त कमी जातं पण पाळी नियमित होत नाही. सोबत मेफेनॅमिक अ‍ॅसिड दिलं तर दुखणंही कमी होतं. रक्ताच्या गाठी होण्याचा इतिहास असेल तर ट्रॅनेक्सॅमिक नको. हार्मोनच्या बिघाडाला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, ठरावीक दिवस, कॅलेंडरवर खूण करून, मध्येच न सोडता घ्यायच्या. लखनऊच्या सीडीआरआय संस्थेने शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन, जी "सहेली" नावाने गर्भनिरोधक म्हणून मिळते, तीही डॉक्टर काही जणींना जास्तीच्या ब्लीडिंगसाठी आठवड्यातून दोनदा देतात.

बायोप्सीत थर वाढलेला पण पेशी बिघडलेल्या नाहीत असं आलं तर घाबरू नका. अशांमध्ये वीस वर्षांत शंभरातल्या पाचपेक्षा कमी जणींचं कॅन्सरपर्यंत जातं, आणि प्रोजेस्टेरॉनने थर बहुतेकदा पूर्ववत होतो, फक्त सहा-सहा महिन्यांनी परत बायोप्सी करत राहायचं. "अटिपिया" म्हणजे पेशी बिघडल्यात असा शब्द आला तर मात्र या वयात पिशवी काढणंच सुरक्षित, तिथे मी स्वतः आग्रह धरते.

ती हार्मोनवाली कॉपर-टी काय असते?

दिसायला तशीच, पण तांबं नसतं. आत लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ते थोडं थोडं पिशवीतच सुटतं आणि थर पातळ ठेवतं. मिरेना, एमिली या नावांनी मिळते, पाच वर्षं तरी चालते. पहिले तीन ते सहा महिने बारीक डाग लागत राहतात आणि तिथेच बायका कंटाळून काढा म्हणतात. जरा धीर धरा. त्यानंतर ब्लीडिंग नव्वद टक्क्यांपर्यंत कमी होतं, बऱ्याच जणींचं बंदच होतं. पंचेचाळिशीत बसवली तर कितीतरी जणी तिच्याच आधाराने पाळी जाईपर्यंत पोचतात, ऑपरेशन टळतं. माझ्या मते आपल्याकडे ही जितकी वापरायला हवी तितकी वापरली जात नाही. बसवायच्या आधी बायोप्सी झालेली असावी, आणि मोठी गाठ पिशवीच्या आत आलेली असेल तर ही टी टिकत नाही.

मुलं झाली, आता पिशवीचा उपयोग काय? काढूनच टाकली तर कटकट मिटेल.

कटकट मिटते, कधी कधी दुसरी सुरू होते. मोठं ऑपरेशन आहे. गाठींनी पिशवी खूप मोठी झालीय, औषधं आणि हार्मोनची टी वापरूनही थांबत नाही, पेशी बिघडल्यात, कॅन्सर आहे, तर काढावीच आणि बिनधास्त काढावी. पण ४२ च्या बाईची नुसत्या "बल्की" शब्दावर काढू नये. फायब्रॉइड पाळी गेल्यावर आपोआप आकसतात, ४९ व्या वर्षी लहान गाठ असेल आणि त्रास आटोक्यात असेल तर थांबता येतं.

"पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, आत्ताच काढा" असं कोणी म्हटलं तर पॅप किंवा एचपीव्हीचा (तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीचा) रिपोर्ट मागा. तोंड लाल दिसणं हे बहुतेकदा साधं असतं, त्याचा कॅन्सर होत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते बाहेर आलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशन रोखायला सूचना काढल्या, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान नाही. मी माझ्या पेशंटला स्वतःहून सांगते, जा, दाखवून या.

ठरलंच तर चार गोष्टी विचारा. खालून, दुर्बिणीने की पोटावरून? अंडाशय ठेवणार की काढणार? कारण पाळी जायच्या आधी दोन्ही अंडाशय काढले तर एका दिवसात मेनोपॉज येतो, आणि हाडं-हृदय दोन्हीला त्रास होतो. हिमोग्लोबिन आधी वाढवणार का? आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवणार ना? घरी आल्यावर सहा आठवडे पाण्याची कळशी, फाटीचा भारा, भाताची पोती काही उचलायचं नाही. सुनेला, मुलाला आधीच सांगून ठेवा.

हिमोग्लोबिन ७ आलंय. काय खाऊ?

खाण्याने सात भरून निघत नाही, औषध लागतं. १२ च्या वर हवं. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. शौचाला काळं होतं, ते नॉर्मल आहे. रोज घेऊन पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड चालते का ते विचारा. गोळीबरोबर लिंबू किंवा आवळा, आणि चहा मात्र तासभर लांब, जेवणानंतर लगेच कोरा चहा प्यायची सवय गोळीचा फायदा घालवते. हिमोग्लोबिन ठीक झालं तरी पुढे तीन महिने चालू ठेवायच्या. गोळी सोसत नसेल किंवा ऑपरेशन जवळ असेल तर शिरेतून लोह देतात. जोडीला तिसऱ्या (शिंपले), मासळी, कुळथाची पिठी, पालेभाज्या खा की, आपल्याकडे काय कमी आहे.

दम लागणं, धाप लागणं, जिना चढताना छातीत धडधड, सारखी माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं, ही सगळी रक्त कमी झाल्याची लक्षणं. वय झालं म्हणून नव्हे.

अशोकारिष्ट, दुर्वांचा रस घेतला तर?

वैद्यांना दाखवून घेताय तर घ्या, माझं भांडण नाही, फक्त मला सांगा काय घेताय ते. पण सोनोग्राफी आणि बायोप्सी आधी. रस घेऊन तीन महिने बघू, मग डॉक्टरकडे जाऊ, हा क्रम नको.

रात्री एकदम धो-धो सुरू झालं तर?

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, किंवा चक्कर, डोळ्यांपुढे अंधार, घाम, हातपाय गार, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. पावसात साकव पाण्याखाली असेल, गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर लगेच शेजारच्यांना उठवा, अशी बाई एकटी चालत निघता कामा नये. आधीचे रिपोर्ट, चालू गोळ्या, रक्तगटाचा कागद एका पिशवीत दाराशीच ठेवलेला बरा. आणि ब्लीडिंग कितीही थोडं वाटलं तरी एकदा चक्कर येऊन पडलात तर यायचंच.

कुठे दाखवायचं? मुंबईलाच जावं लागेल का?

सुरुवातीला नाही. तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कुठल्या वारी असतात ते आशाताईला विचारा. रत्नागिरी आणि ओरोसला जिल्हा रुग्णालयं आहेत, आता दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजही झालंय. चिपळूण-सावर्डेच्या बाजूच्यांना डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल जवळ, आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातातच. कॅन्सर निघाला तर परळचं टाटा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

मी ठाण्याला असते. आई ६७ वर्षांची, गावी एकटी. गणपतीला गेले तेव्हा धुणं टाकताना डाग दिसले. ती म्हणते उष्णतेने होतंय, काही नाही, आणि यायला तयार नाही. काय करू?

उष्णतेने या वयात रक्त जात नाही. आणि डाग धुण्यात दिसले म्हणजे हे बहुतेक काल-परवाचं नाही, ती कधीपासून तरी लपवतेय, हे गृहीत धरूनच चला. रागवू नका. आतून तपासतील याची तिला लाज असते, कॅन्सर म्हणतील याची भीती असते आणि मुलांना खर्चात पाडू नये हेही असतं, यातलं ती एकही बोलणार नाही. तिला सांगा की पहिल्या दिवशी फक्त बाई डॉक्टरशी बोलायचंय आणि सोनोग्राफी करायचीय. तुम्ही स्वतः सोबत या, फोनवरून सांगून भावजयीबरोबर पाठवलंत तर ती अर्ध्या वाटेवरून परत फिरेल. एक दिवस जास्तीची रजा टाका, सोनोग्राफीत थर ४ एमएमच्या वर निघाला तर बायोप्सी शक्यतो त्याच फेरीत करून घ्या, दुसऱ्यांदा ती येईल याची खात्री धरू नका. रिपोर्ट यायला आठवडाभर लागू शकतो. तो कोण आणणार आणि फोटो काढून तुम्हाला कोण पाठवणार हे गाडीत बसायच्या आधी ठरवून जा.